झोपेची थकबाकी : लांब पल्ल्याच्या वैमानिकाने आपल्या प्रकृतीचा हिशेब कसा ठेवावा

मराठीत घरभाडे थकते, कर्जाचा हप्ता थकतो आणि माणूसही थकतो. थकवा आणि थकबाकी हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले आहेत, आणि लांब पल्ल्याच्या विमानांवर बावीस वर्षे काम केल्यानंतर मला असे वाटते की वैमानिकाच्या थकव्याचे याहून नेमके वर्णन दुसरे सापडणार नाही. एका रात्रीची झोप बुडाली तर ती पुढच्या दोन रात्रींत बऱ्याच अंशी भरून निघते. पण महिन्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे, दर वेळी वेगळ्या घड्याळाच्या गावी झोप अर्धवट राहिली, तर बाकी साचत जाते आणि तिची वसुली पुढे रक्तदाब, रक्तातील साखर, पोट आणि मन यांच्याकडून होते.

माझ्या बाबतीत ही नोटीस वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आली. वार्षिक वैद्यकीय तपासणीत रक्तदाब १५०/९६ निघाला. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘‘कॅप्टन, झोप कशी आहे?’’ मी सवयीने म्हणालो, ‘‘ठीक आहे.’’ त्यांनी पट्टा सोडवता सोडवता पुन्हा विचारले, ‘‘गेल्या सात दिवसांत मिळून किती तास झोपलात?’’ मला उत्तर देता आले नाही. माझ्या लॉगबुकात कारकिर्दीतले प्रत्येक उड्डाण मिनिटांपर्यंत नोंदलेले होते, आणि झोपेचा एक तासही कुठे लिहिलेला नव्हता. हा लेख त्या अनुत्तरित प्रश्नातून आलेला आहे, आणि तो सध्या लांब पल्ल्यावर उडणाऱ्या, त्या वाटेवर असलेल्या वैमानिकांसाठी व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी लिहिला आहे.

आधी समजून घ्यावे : शरीरात नेमके काय बिघडते

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून तो आपली वेळ जुळवून घेतो. यकृत, स्वादुपिंड, आतडी, हृदय यांच्या पेशींनाही स्वतःची घड्याळे असतात. पेशींमधील या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अडचण अशी की ही सगळी घड्याळे एकाच वेगाने सरकत नाहीत. पश्चिमेकडे गेल्यावर मुख्य घड्याळ दिवसाला साधारण दीड तास आणि पूर्वेकडे गेल्यावर साधारण एक तास सरकते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे पूर्ण जुळवून घ्यायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागेल. आणि वैमानिक तिथे राहतो एक किंवा दोन दिवस. परिणामी तो कुठल्याच गावाच्या वेळेवर नसतो, आणि त्याचे यकृत व त्याचा मेंदूही एकमेकांच्या वेळेवर नसतात.

याचे परिणाम कसे दिसतात ते सांगतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. झोप तुटक झाली, किंवा शरीराच्या घड्याळानुसार दिवस असताना झोपावे लागले, तर ही उतरण होत नाही. आणि ज्यांचा दाब रात्री उतरत नाही त्यांना हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका अधिक असतो. साखरेचे तसेच आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. ही माणसे धडधाकट होती आणि प्रयोग एका आठवड्याचा होता. शिवाय शरीराच्या रात्री खाल्लेल्या अन्नाला इन्शुलिनचा प्रतिसाद मंद असतो, त्यामुळे पहाटे तीनला कॉकपिटमध्ये ट्रेवर आलेले तेच जेवण दुपारी एकला खाल्लेल्या जेवणापेक्षा रक्तातील साखर अधिक वाढवते. आम्लपित्त, छातीतली जळजळ, बद्धकोष्ठता आणि जुलाब यांचे आलटूनपालटून येणे, या तक्रारी तर लांब पल्ल्याच्या वैमानिकांत इतक्या सर्रास आढळतात की आपण त्यांना तक्रार म्हणेनासे झालो आहोत.

कर्करोगाबद्दल मोजून बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये हे वर्गीकरण कायम ठेवले. हे वर्गीकरण पुरावा किती सबळ आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही ते नाही. स्मरणशक्तीबाबत २००१ मध्ये विमानातील सेविकांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना दोन लांब प्रवासांमध्ये अगदी थोडा अवधी मिळत होता त्यांच्या मेंदूचा उजवा शंखखंड (कानशिलामागचा भाग) अधिक अवधी मिळणाऱ्यांपेक्षा लहान आढळला होता. तो अभ्यास अवघ्या वीस जणींचा होता, म्हणून त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. मी तो इथे एवढ्यासाठीच नोंदवतो की त्यातील मुद्दा प्रवासांच्या संख्येचा नसून मधल्या अवधीचा होता.

थकवा हे यातल्या प्रत्येक आजाराचे एकमेव कारण नसते. तासन्‌तास बसून काम, हॉटेलचे जेवण, केबिनमधील कोरडी हवा आणि सुमारे सहा ते आठ हजार फुटांच्या उंचीइतका विरळ दाब, उंचीवरचा वैश्विक किरणोत्सर्ग, हे सारे त्यात मिसळलेले असते. पण यातल्या बहुतेक गोष्टी वैमानिकाच्या हातात नाहीत आणि झोप काही प्रमाणात आहे.

झोपेची वही

नियामक संस्था ड्यूटीचे तास मोजते, उड्डाणाचे तास मोजते, विश्रांतीचे तास मोजते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. या नियमांची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि काही तरतुदींत पुन्हा तात्पुरत्या सवलतीही दिल्या गेल्या. तरी मूळ सुधारणा योग्य दिशेची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विश्रांतीचा तास म्हणजे झोपेचा तास नव्हे. चोवीस तासांच्या लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामात, विमानतळावरून हॉटेलला जाणे, जेवण, अंघोळ, घरी फोन, पुन्हा गणवेश चढवून पिक-अपसाठी खाली येणे हे सगळे असते, आणि उरलेल्या वेळात शरीराला झोप येईलच याची हमी कुठलाही नियम देऊ शकत नाही. झोप मोजणारा फक्त वैमानिक स्वतःच असतो.

मोजायचे कशाला, आपल्याला कळतेच की, असे अनेकांना वाटते. तिथेच फसगत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही जणांना सलग चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. परंतु ‘किती झोप येते आहे’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास तिथेच थांबली होती. थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे नीट कळत नाही. म्हणून ‘ठीक वाटते’ या शब्दांवर कोणीही, विशेषतः स्वतः वैमानिकाने, विसंबू नये.

वही साधी ठेवावी. मी दोनशे पानी आखीव वही वापरली. मोबाइलमध्येही चालेल, पण कागदावरची वही डॉक्टरांपुढे उघडी करून ठेवता येते. प्रत्येक झोपेची नोंद वेगळी करावी : तारीख, जागा (घर, हॉटेल, विमानातला झोपण्याचा बंक), किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, आणि एक ते पाच या प्रमाणात झोप कशी झाली. सगळ्या वेळा एकाच घड्याळाने लिहाव्यात. उड्डाणाची सवय असल्यामुळे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, सोपी वाटते, पण मी भारतीय वेळ वापरली, कारण माझे शरीर शेवटी त्याच वेळेकडे परतत होते. चोवीस तासांची बेरीज उजव्या समासात लिहावी. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ वापरत असाल तर खुशाल वापरा. ते झोपेचा एकूण काळ बऱ्यापैकी सांगते, मात्र गाढ झोप आणि स्वप्नझोप यांचे त्याने दिलेले आकडे प्रमाण मानू नका.

दुसरी नोंद उड्डाणाची. विमान खाली आणायला सुरुवात करण्याच्या काही मिनिटे आधी आपल्या सतर्कतेला एक ते सात यांतला आकडा द्यावा : एक म्हणजे पूर्ण ताजेतवाने, सात म्हणजे काम करणे अशक्य व्हावे इतके थकलेले. ही सॅम-पेरेली मोजपट्टी आहे आणि जगभरच्या विमान कंपन्या ती वापरतात. मनातल्या मनात दिलेला आकडा पार्किंगनंतर लिहावा. तिसरी नोंद सुट्टीच्या दिवसांची : सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटे शांत बसून घेतलेला रक्तदाब. महिन्यातून एकदा वजन आणि कमरेचा घेर.

माझ्या वहीतले एक पान सांगतो. न्यूयॉर्कचा लेओव्हर. पहिली झोप अडीच तास, पुढे ‘जाग, पडून राहिलो’ असे लिहिलेले, दुसरी साडेतीन तास, बेरीज सहा. परतीच्या उड्डाणात बंकमध्ये दोन तास दहा मिनिटे, दर्जा दोन. उतरताना आकडा पाच. घरी आल्यावर पहिल्या दिवशी अकरा तास, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला जाग. चौथ्या दिवशी पुन्हा रिपोर्टिंग, म्हणजे ड्यूटीवर हजर. अशी पाने एकटी पाहिली तर काहीच वाटत नाही. सहा महिन्यांची पाने एकापाठोपाठ चाळली तेव्हा दिसले की ज्या महिन्यांत दोन प्रवासांमधला अवधी चार दिवसांपेक्षा कमी होता त्या महिन्यांत सकाळचा रक्तदाब सातत्याने चढा होता, आणि वार्षिक रजेच्या तीन आठवड्यांत तो औषध न वाढवता उतरला होता. हे मला कोणत्याही तपासणीने सांगितले नव्हते.

एक फेरी, मुंबई ते न्यूयॉर्क आणि परत

तत्त्वापेक्षा उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईहून लांब पल्ल्याची बहुतेक विमाने मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर निघतात. समजा उड्डाण पहाटे दोनचे आहे. सकाळी सातला उठलेला वैमानिक दिवसभर जागा राहिला तर धावपट्टीवर वळतानाच त्याला एकोणीस तास झालेले असतात. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, हे १९९७ पासून माहीत आहे. म्हणून निघण्याच्या दिवशी दुपारची झोप ही चैन नसून ड्यूटीचाच भाग आहे असे समजावे. दुपारी दोन ते चार या वेळात शरीर आपणहून सुस्तावते. त्या वेळी खोली अंधारी करून दीड ते दोन तास झोपावे. झोप आली नाही तरी पडून राहावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

पुण्यात घर आणि मुंबईत ड्यूटी अशी विभागणी असलेल्यांनी इथे विशेष विचार करावा. मीही अकरा वर्षे तसेच केले. द्रुतगती मार्ग म्हणायला ९४ किलोमीटरचा, पण घाट, पाऊस आणि मुंबईत शिरतानाची गर्दी धरली तर घरापासून विमानतळापर्यंत तीन-चार तास सहज जातात, आणि ते तास दुपारच्या झोपेतूनच कापले जातात. आदल्या रात्री किंवा त्या दुपारी मुंबईत मुक्काम करता येत असेल तर तो खर्च प्रकृतीवरचा खर्च समजून करावा. परतल्यावर तर स्वतः गाडी चालवत घाट चढणे पूर्णपणे टाळावे. माझ्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा क्षण ढगांत आलेला नाही. तो खंडाळ्याच्या वळणावर आला, जेव्हा दोन-तीन सेकंदांचा रस्ता मला आठवतच नव्हता. त्यानंतर मी आधी झोपून मगच निघू लागलो.

सोळा तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतात आणि बंकमध्ये आळीपाळीने झोप मिळते. ही झोप घरच्यापेक्षा हलकी व तुटक असते, हे गृहीतच धरावे. शक्य असेल तिथे विश्रांतीच्या पाळ्या ठरवताना भारतीय वेळेच्या रात्री दोन ते सहा हा काळ विमान उतरवणाऱ्या जोडीला मिळेल असे पाहावे, कारण या चार तासांत शरीराची सतर्कता सर्वांत खाली असते. उठल्यावर किमान अर्धा तास कोणताही महत्त्वाचा निर्णय घेऊ नये. झोपेतून उठल्यावरची गुंगी किती घातक ठरू शकते ते आपल्याकडे २२ मे २०१० रोजी मंगळुरूला दिसले. दुबईहून पहाटे आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले, १५८ जण गेले, आणि चौकशीत असे निष्पन्न झाले की कॉकपिटमधील सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणापैकी एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन आपल्या आसनातच झोपलेले होते. आसनातली नियंत्रित डुलकी मुळातच वाईट असते असे नाही. नासाच्या अभ्यासात चाळीस मिनिटांच्या ठरावीक अवधीत वैमानिक सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि त्यांची सतर्कता पुढच्या टप्प्यात स्पष्टपणे सुधारली. फरक आहे तो ठरवून, सहकाऱ्याला सांगून, कार्यपद्धतीत परवानगी असेल तेव्हाच आणि मर्यादित वेळ झोपण्याचा.

न्यूयॉर्कला पोचल्यावर काय करावे यावर प्रत्येक वैमानिकाचे स्वतःचे मत असते. माझा अनुभव आणि झोपेच्या तज्ज्ञांचा सल्ला या एका बाबतीत जुळला : मुक्काम दोन दिवसांपेक्षा कमी असेल तर तिथल्या वेळेच्या मागे लागू नये. भारतीय वेळेच्या रात्री एक ते पाच हा झोपेचा गाभा कायम ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात आणि हिवाळ्यात अडीच ते साडेसहा. त्यानंतर जेवण, थोडे चालणे, आणि तिथल्या रात्री दोन ते सहा ही दुसरी झोप. ती आपल्या शरीराच्या दुपारी पडते, म्हणून येतेही बऱ्यापैकी. बाहेर लख्ख ऊन असताना झोपायला मन तयार होत नाही. पडदे चिमट्यांनी घट्ट लावावेत. मी सामानात कपड्यांचे चार चिमटे कायम ठेवत असे. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, वातानुकूलन थंडगार.

परतीचे विमान मुंबईत दुपारी उतरले तर घरी किंवा मुक्कामी दीड तासापेक्षा जास्त झोपू नये, आणि रात्री दहाच्या सुमारास अंथरुणात असावे. वर सांगितलेली माझी अकरा तासांची झोप ही चूकच होती. तिने पुढच्या दोन रात्री बिघडवल्या.

घरच्या मंडळींसाठी

दिवसा झोपणाऱ्या माणसाची झोप रात्री झोपणाऱ्याइतकीच खरी असते, हे घरात सर्वांना एकदा नीट समजावून सांगावे लागते. माझी आई कितीतरी वर्षे दुपारी दाराशी येऊन हळूच विचारायची, ‘‘उठलास का रे? जेवून तरी घे.’’ तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्या हाकेने गाढ झोप तुटे आणि पुन्हा लागत नसे. शेवटी पत्नीने झोपायच्या खोलीच्या दाराला एक लाल रुमाल बांधायला सुरुवात केली. रुमाल असेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या नाहीत, दारावरची घंटा बंद, कुरिअर शेजारच्या जोशी वहिनींकडे. सोसायटीत कुणाच्या घरी फरशीचे काम निघाले की त्या दिवसांपुरती पत्नी मला बहिणीच्या घरी झोपायला पाठवत असे. खोली उत्तरेची किंवा मागच्या बाजूची निवडावी, जाड दुहेरी पडदे लावावेत. हा खर्च एकदाच होतो.

जोडीदाराकडे आणखी एक काम आहे, आणि ते डॉक्टरही करू शकत नाहीत. घोरताना श्वास मध्येच थांबतो का, माणूस दचकून उठतो का, चिडचिड वाढली आहे का, सुट्टीच्या दिवशीही तो कशातच रमत नाही का, हे तेच पाहू शकतात. त्यांनी पाहिलेले तारखेसह वहीत लिहावे.

चहा-कॉफी, मद्य आणि गोळ्या

कॅफीनचा निम्मा अंश शरीरात पाच-सहा तास राहतो, म्हणून नियोजित झोपेच्या आधीचे सहा तास चहा-कॉफी बंद ठेवावी. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य हा आपल्याकडचा नियम आहे आणि श्वासचाचणी तो पाळायला लावते. पण लेओव्हरला पोचल्या पोचल्या झोप यावी म्हणून घेतलेले दोन पेग नियमात बसले तरी झोपेला मारकच असतात. मद्याने डोळा लवकर लागतो आणि झोपेचा उत्तरार्ध फाटतो. झोपेच्या गोळ्या, सर्दीवरची गुंगी आणणारी औषधे, इतकेच काय मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरकही, विमानवैद्यक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तपासणीला जाताना

वार्षिक तपासणी पास होणे आणि निरोगी असणे यांत अंतर आहे. परवान्याची तपासणी त्या दिवशी तुम्ही उडण्यास योग्य आहात का, एवढे पाहते. वीस वर्षांनी काय होईल हे पाहण्याची जबाबदारी वेगळ्या डॉक्टरांवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांवर किंवा फिजिशियनवर सोपवावी, आणि त्यांना आपल्या कामाचे स्वरूप रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, दाखवून समजावून द्यावे. चाळिशीनंतर त्यांच्याकडे पुढील गोष्टी आवर्जून मागाव्यात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी : ५.७ च्या खाली निर्धोक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. भारतीय माणसाला कमी वजनावरही मधुमेह होतो, म्हणून पुरुषांनी कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट धरावे. रक्तदाब सीमारेषेवर असेल तर दवाखान्यातल्या एका मापावर समाधान न मानता चोवीस तासांचा रक्तदाब नोंदवणारे यंत्र एकदा लावून घ्यावे. रात्री दाब उतरतो की नाही हे त्याशिवाय कळत नाही. त्वचेवरचे तीळ वर्षातून एकदा दाखवावेत, कारण वैमानिकांत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळले आहे. त्याचे कारण थकवा नसले तरी तपासणीची वेळ एकच साधता येते. वैमानिक भगिनींनी स्तनांच्या तपासणीबाबत आणि पाळीतील अनियमिततेबाबत रात्रीच्या कामाचा उल्लेख डॉक्टरांकडे स्पष्टपणे करावा.

सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी झोपेची आहे. घोरणे, सकाळचे डोके दुखणे आणि पुरेसे झोपूनही न जाणारा शीण असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराची, शंका घ्यावी. दिवसा किती झोप येते हे मोजणारी एपवर्थची आठ प्रश्नांची प्रश्नावली स्वतः भरावी; चोवीसपैकी दहाच्या वर गुण आले तर तज्ज्ञांना भेटावे आणि रात्रभराची निद्राचाचणी करावी. परवाना जाईल या भीतीने माणसे हे टाळतात, आणि ती भीती मला परकी नाही. परंतु उपचारांनी नियंत्रणात आलेला स्लीप ॲप्निया असलेले वैमानिक जगभर उडत आहेत. न शोधलेला ॲप्निया मात्र रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि शेवटी परवाना, तिन्ही बिघडवतो. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा तरुणपणीच, निरोगी असताना घ्यावा, म्हणजे निदान करून घेताना हात आखडत नाही.

थकव्याचा अहवाल कसा लिहावा

दीर्घकालीन नुकसान टाळण्याचे सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन म्हणजे थकव्याचा अहवाल. पुष्कळ वैमानिक थकलेले असताना आजारपणाची रजा टाकतात, कारण तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवसापुरते भागते. पण ती फेरी माणसांना थकवते ही माहिती कुठेच नोंदली जात नाही आणि पुढच्या महिन्यात तीच फेरी तशीच्या तशी दुसऱ्याच्या रोस्टरवर येते. मी एकदा असा अहवाल दिला तेव्हा ड्यूटी ठरवणाऱ्या खात्यातून फोन आला आणि ‘‘तुम्हालाच कसा त्रास होतो?’’ असे विचारले गेले. त्यानंतर दीड वर्ष मी अहवाल दिला नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. २०२४ च्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी या अहवालांचे विश्लेषण करून दर तीन महिन्यांनी ते महासंचालनालयाकडे पाठवायचे आहे, आणि अहवाल देणाऱ्यावर कारवाई होऊ नये व त्याचे नाव गुप्त राहावे असेही त्यात म्हटले आहे. या तरतुदीचा आधार घेऊन लिहावे.

अहवालात तक्रारीचा सूर नसावा, मोजमाप असावे. मागील ४८ तासांतील प्रत्येक झोप, ती कुठे व किती. रिपोर्टिंगच्या वेळी सलग किती तास जागे होतो. भारतीय वेळेच्या दोन ते सहा यांपैकी किती काळ आसनावर होतो. उतरतानाचा सतर्कतेचा आकडा. आणि प्रत्यक्ष परिणाम काय झाला. ‘फार दमलो होतो’ हे वाक्य कोणालाही बाजूला सारता येते. ‘रिपोर्टिंगपूर्वी ४८ तासांत तुटक मिळून आठ तास झोप, उतरताना आकडा सहा, नियंत्रण कक्षाने दिलेली उंची रेडिओवर दोनदा चुकीची परत वाचून दाखवली’ हे वाक्य बाजूला सारता येत नाही. वही ठेवलेली असेल तर असा अहवाल लिहायला दहा मिनिटे लागतात.

मनाबद्दल

दीर्घ थकवा आणि नैराश्य यांची लक्षणे इतकी सारखी असतात की एकामागे दुसरे लपून राहते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निनावी सर्वेक्षणात प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या वैमानिकांपैकी १२.६ टक्क्यांच्या उत्तरांत नैराश्याची पातळी आढळली आणि ४.१ टक्क्यांनी मागील दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे कळवले. उत्तरे स्वेच्छेने दिलेली असल्याने हे प्रमाण सगळ्या वैमानिकांना लागू करता येणार नाही, पण त्यांतली बरीच माणसे त्या काळात विमाने चालवत होती. एक खूण मी सांगू शकतो : चार-पाच दिवस घरी नीट झोपूनही सकाळी अंथरुणातून उठण्याची इच्छा होत नसेल, तर तो केवळ थकवा नव्हे. आपल्या कंपनीत पीअर सपोर्टची सोय असेल तर आधी तिथल्या सहकारी वैमानिकाशी बोलावे, आणि त्यासोबतच मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर ड्यूटीवर न जाता त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि त्याला घेऊनच डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

निवृत्तीनंतर

आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणांसाठी वयाची मर्यादा ६५ वर्षे आहे. शेवटच्या उड्डाणानंतर झोप आपोआप सुरळीत होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहाटे तीनची जाग आठ महिने गेली नाही. त्या काळात गोळ्यांकडे न वळता रोज एकाच वेळी उठणे, उठल्यावर तासाभरात उघड्यावर जाऊन सूर्यप्रकाश घेणे आणि दुपारची झोप वीस मिनिटांवर आणणे, एवढेच केले, आणि आठव्या महिन्यात सलग सहा तास झोपल्याची पहिली नोंद वहीत झाली. त्याच सुमारास रक्तदाबाच्या दोन औषधांपैकी एक डॉक्टरांनी निम्मे केले. निवृत्तीनंतर वही किमान वर्षभर चालू ठेवावी, औषधे मनाने कमी करू नयेत, आणि नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना लॉगबुकातले एकूण तास सांगण्याआधी झोपेच्या वहीतली शेवटची तीन पाने त्यांच्यापुढे ठेवावीत.